पापुद्र्याचा हातगुण

यंत्रापुढे पापुद्र्या बसला की पडद्यावरची रेघ टुणकन वर जायची आणि त्याची सहकारीण बसली की तीच रेघ आडवी पडायची. नमुना तोच, यंत्रही तेच. पापुद्र्या हे त्याचं खरं नाव नव्हे. चिकटपट्टीने स्फटिकाचे अणूइतके पातळ पापुद्रे सोलण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, म्हणून प्रयोगशाळेने केलेलं ते बारसं.

पापुद्रा अर्धवाहकाचा. चुंबक जवळ आणून दूर नेला, तरी त्याने चुंबकत्व लक्षात ठेवावं, तेही साध्या खोलीच्या उबेत, एवढंच मागणं होतं; ठेवलं, की पडद्यावरची रेघ वर. तसं झालं तर त्यात माहिती साठवता येईल आणि मुख्य म्हणजे पापुद्र्याला पदवी मिळेल.

"हातगुण असतो एकेकाचा!" त्याचे मार्गदर्शक सर म्हणाले. एरवी हे सर पुराव्याशिवाय भिंतीवरच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नसत. त्यांनी लगोलग बाहेरचे एक परीक्षक बोलावले.

परीक्षेच्या सकाळी चहा ढवळून पापुद्र्या चमचा खाली ठेवायला गेला, तर चमचा त्याच्या हातातून सुटला आणि कमरेलाच चिकटला. कमरेला सासूबाईंनी दिलेला पट्टा होता. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून जावयाची पाठ धरते, म्हणून त्यांनी मुद्दाम शोधून आणलेला. आत नुसते चुंबक. हाच पट्टा बांधून तो रोज यंत्रापुढे बसत होता.

"काय झालं रे?" बायकोने विचारलं.

"पदवी गेली."

पट्टा खुर्चीवर टाकून तो कबुली द्यायला निघाला. पायीच निघाला, तेवढाच उशीर.

तो पोचला तेव्हा परीक्षक येऊन बसले होते. सर यंत्राला टेकून उभे होते.

"सर, जरा बोलायचं होतं..."

"नंतर. आधी बस."

त्याने बसून यंत्र सुरू केलं. रेघ टुणकन वर गेली. अंगावर पट्टा नसताना! म्हणजे सगळं खरंच होतं! पापुद्र्याला भरून आलं. परीक्षकांनी अभिनंदन करून पेन उघडलं आणि मान खाली घालून लिहायला घेतलं.

"चहा सांगतो," म्हणून सर दाराकडे गेले. त्यांच्यामागोमाग रेघ खाली आली. सर परतले, रेघ उठली.

परीक्षक लिहीतच होते. गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पापुद्र्याने विचारलंच.

"सर, तुमच्या कमरेला काय आहे?"

"अरे हो!" सर खुलले. "तुझी बायको मघाशी स्कूटरवरून देऊन गेली, पाठ दुखेल म्हणाली तुझी. म्हटलं, तू येईपर्यंत बांधून बघू. काय आराम पडतो रे!"

मग पापुद्र्याने सगळं सांगून टाकलं. सर ऐकता ऐकता हळूहळू यंत्रापासून लांब सरकले. रेघ आडवी झाली.

परीक्षकांनी लिहिलेलं शांतपणे खोडलं.

"पुढच्या वर्षी या, पट्ट्याशिवाय," ते म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून कसेबसे उठले. "पट्टा मात्र आजच ठेवून जा."