पाकळीचा ल

महादेव बिराजदार एकदा शिंप्याकडून अर्धवट मापं देऊन उठून आला. कंबर झाली होती, उंची राहिली होती. तेवढ्यात त्याची नजर दुकानाच्या नव्या पाटीवर गेली आणि ‘टेलर’मधला ल त्याला खटकला. “ज्याला ल बसवता येत न्हाय, तो पँट काय बसवणार?” असं त्यानं ऑफिसात येऊन आम्हाला विचारलं.

ल दोन तऱ्हांनी काढतात. एकाला दोन्ही बाजूंना सारख्या पाकळ्या असतात. दुसरा उजवीकडच्या दांड्याला टेकून उभा राहतो. महादेवच्या लेखी पहिला ल घरचा आणि दुसरा पाहुणा. पाहुण्याशी त्याचं वैर नव्हतं. फक्त त्यानं सोप्यात बसावं, चुलीपर्यंत येऊ नये, एवढंच.

सोलापुरात मोबाइल अ‍ॅप बनवणारी आमची सहा जणांची कंपनी. महादेव कोड लिहायचा, मी त्यातल्या चुका शोधायचे. तो चाळिशीचा, सडाफटिंग, रविवार आला की वळसंगला गावी पळणारा. गावी कोण आहे, हे त्यानं कधी सांगितलं नाही. डब्यातली शेंगाचटणी मात्र सगळ्यांना वाटायचा. फक्त जेवताना कुणी “अक्षरंच तर आहेत” असं म्हटलं, की डबा झाकायचा.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांसाठी आम्ही औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप केलं. कुठली गोळी, किती, कधी, एवढंच त्यात दिसणार. सोमवारी ते डॉक्टरांना द्यायचं होतं. आम्ही वापरलेल्या फाँटमध्ये एकाच अक्षराची दोन-दोन रूपं दडलेली होती. कोडात खूण लिहिली की हवं ते रूप बाहेर यायचं. महादेवला दोन गोष्टी हव्या होत्या. ल पाकळीचा हवा आणि आकडे सारख्या रुंदीचे, म्हणजे एकाखाली एक नीट उभे राहणारे.

पण पाकळीचा ल आला की आकडे सरकायचे, आणि आकडे रांगेत आणले की ल परत दांड्याला टेकायचा. आमचे सर वैतागले. आकडे ठेव आणि ल सोड, म्हणाले. लाल गोळी कुठल्याही लनं लालच राहते.

महादेव आवाज चढवणारा नव्हे. “वाचणाऱ्याला ती लाल वाचता आली पायजे की, सर,” एवढंच तो बोलला. मग दोन दिवस त्यानं कुणाला चटणी वाटली नाही.

शनिवारी दुपारी मात्र मला हाक मारून त्यानं पडदा दाखवला. दोन्ही खुणा तो दोन वेगळ्या ओळींत लिहीत होता, आणि दुसरी ओळ पहिलीला पुसून टाकत होती. आता त्यानं दोन्ही एकाच यादीत लिहिल्या होत्या. “एका पंगतीला बसवलं की दोघंबी जेवत्यात, ताई.” मी अक्षरं लहान करून पाहिली, मोठी करून पाहिली. कुठंच चूक निघेना.

आता एक टेस्टिंग गावाकडं करायचं, तुम्हीपण चला, असं तो म्हणाला. रविवारी माझ्या स्कूटीवर आम्ही वळसंगला गेलो.

घरात त्याची थोरली बहीण होती, अक्का. आई गेली तेव्हा महादेव तान्हा होता. त्याला सांभाळायला अक्कानं पहिलीतूनच शाळा सोडली, ती कायमची. हे मला तिनंच चहा देताना सांगितलं. मध्यंतरी तिनं चुकीची गोळी घेतली होती. शेजारणीला विचारायची लाज वाटली म्हणून. तेव्हापासून महादेव दर रविवारी तिला अक्षरं शिकवत होता. शाळेतलं तिचं जुनं पुस्तक तिनं जपून ठेवलं होतं, त्यातूनच. त्या पुस्तकातला ल पाकळीचा होता, आणि तिला तेवढाच ओळखता यायचा.

महादेवनं तिच्याच गोळ्या भरलेलं अ‍ॅप उघडून फोन तिच्या हातात दिला आणि लांब जाऊन दाराशी उभा राहिला. अक्कानं पडद्यावर बोट ठेवलं.

“ला... ल. लाल गोळी. एक. दुपारी.”

कुणाला न विचारता तिनं पुड्यातून लाल गोळी काढली. मग पुन्हा पडद्याकडं बघत म्हणाली, “कुणी लिवलंय रे हे? लई सोपं हाय.”

“कंपनीनं, अक्का,” महादेव म्हणाला आणि तिला पाणी आणायला घाईनं आत गेला.

पाण्याचा तांब्या अक्काच्या शेजारीच होता.