डावीकडचं स्टँड

शनिवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, तेव्हा सुनेनं त्यांचा तपकिरी कोट कपाटातून काढून पिशवीत कोंबला. कोट अठ्ठावीस वर्षांचा. कोपराला ठिगळ, खिशाला भोक आणि डांबरगोळ्यांचा असा वास, की शेजारच्या कपड्यांनी माना टाकाव्यात. मुलानं गेल्याच महिन्यात आईला नवा जांभळा कोट आणला होता. नाताळआधीच्या चार आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, चर्चतर्फे गरजूंसाठी गरम कपडे जमवायचं काम यंदा सुनेकडे होतं. 'त्यांना कळणारसुद्धा नाही,' असं तिनं मनाला समजावलं. तिचा स्वतःचा नवा कोट मात्र नाताळसाठी कागदात गुंडाळून ठेवलेला होता. तो द्यावा, असं काही तिच्या मनात आलं नाही.

रविवारी चर्चच्या बाहेरच्या खोलीत चाकांची दोन स्टँडं लागली. डावीकडे दानाचे कोट, उजवीकडे उपासनेला येणाऱ्यांनी काढून ठेवायचे.

"डावीकडचं न्यायचं," तिनं कोट न्यायला आलेल्या बेघरांच्या निवाऱ्याच्या ड्रायव्हरला बजावलं. "आम्ही आत असू. तुम्ही परस्पर न्या."

"ताई, चौथ्यांदा सांगताय. डावीकडचं!"

तो चहाला गेला. तेवढ्यात सुनेला दिसलं, की डावीकडच्या स्टँडचं एक वाकडं चाक वाटेत आलंय आणि तिची तीन वर्षांची लेक नेमकी तिथूनच धावतेय. अडखळली तर? पुढचे दात गेले तर? तिनं तत्काळ स्टँडांची अदलाबदल केली. 'गरजूंसाठी' ही पाटी स्टँडबरोबर उजवीकडे गेली. मंडळींनी पाटी वाचून आपापले कोट डावीकडे टांगले. ड्रायव्हर पाटी वाचणाऱ्यांतला नव्हता.

आत आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारची मेणबत्ती पेटली. पाळकांचा आवाज चढला होता. "दोन कोट असतील त्यानं एक द्यावा! आणि तोही विटका नव्हे!" मंडळींनी माना डोलावल्या. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चला, एक काम मार्गी लागलं, म्हणून सुनेनं निःश्वास सोडला.

उपासना संपली आणि बाहेरच्या खोलीतून किंकाळी आली.

"चोरी! माझा कोट!"

"माझाही!"

"अहो, सगळेच गेले!"

पाळक धावत आले. त्यांचाही नव्हता. दानाचं स्टँड तेवढं जागच्या जागी, पाटीसकट उभं. सुनेला आपण केलेली अदलाबदल आठवली. मग सगळ्यांचं लक्ष एकदम तिच्याकडे वळलं, कारण वाऱ्याच्या धास्तीनं तिनं कोट अंगातून काढलाच नव्हता.

"तुमचा बरा राहिला हो!" खजिनदार म्हणाले.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. शेवटी पाळकच म्हणाले, "यातलेच घाला. निवारा दोन गल्ल्यांवर आहे, जाऊन बदलून आणू."

सासूबाई एकेक हँगर सरकवू लागल्या. सुनेनं डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! हा तर माझा!"

सासूबाईंनी कोटाला नाक लावलं, ठिगळावरून हात फिरवला आणि सुनेकडे पाहिलं.

"हा इथं कसा गं?"

"आई... बटणं लावा, गार आहे."

सासूबाईंनी बटणं लावली.

निवाऱ्याच्या दारात व्यवस्थापकबाई हात जोडूनच उभ्या होत्या. "पाळकसाहेब, दर वर्षी फाटकं येतं हो. यंदा सगळं नवंकोरं! असं काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

समोर एक म्हातारबाबा पाळकांचाच कोट घालून आला. "खिशात खोकल्याच्या गोळ्यासुद्धा! काय बारीक विचार करतात माणसं!"

किल्ल्या आणि पाकिटं तेवढी परत मिळाली. कोट मागायला जीभ कुणाचीच रेटेना. सासूबाईंच्या जांभळ्या कोटात एक किडकिडीत पोरगी आरशापुढे गिरक्या घेत होती.

"मागू का, आई?" सून पुटपुटली.

"कशाला? शोभतोय तिला."

पुढचा आठवडाभर घरात कोटाचं नाव निघालं नाही. सुनेला धड झोप लागेना.

चौथ्या रविवारी सगळी मंडळी कोट अंगात घालूनच उपासनेला बसायला निघाली. सासूबाई तेवढ्या थांबल्या. त्यांनी तपकिरी कोट काढला, खिशाचं भोक रात्रीच शिवलं होतं ते एकदा चाचपलं आणि 'गरजूंसाठी'च्या स्टँडवर स्वतःच्या हातानं टांगला.

सून थक्क झाली. "अहो आई! तो दिलात?"

"आता मी दिला. मागं तू दिला होतास."

"पण तुम्ही काय घालणार?"

"तुझा नवा," सासूबाई आत जाता जाता म्हणाल्या. "कागद सकाळीच काढून ठेवलाय. दोन आहेत ना तुझ्याकडे?"