पाव सेकंदाची घरगुती दुरुस्ती

कोणत्याही व्यवस्थेत चूक खालून वर जाते आणि दुरुस्ती वरून खाली येते. हे तत्त्व घरालाही लागू आहे. घरात टीव्हीला जोडलेला गेमिंग कन्सोल असेल तर विशेषच.

पार्श्वभूमी. धाकटीकडे तालाचा एक खेळ आहे. पडद्यावर वरून बाण पडतात. बाण खालच्या रेघेला टेकला की ढोल वाजतो, आणि त्याच क्षणी बटण दाबायचं. खेळ जागच्या जागी निकाल देतो: 'लवकर', 'अचूक' किंवा 'उशिरा'. शेवटच्या पातळीवर मिनिटाला चारशे बाण पडतात. शहरातली स्पर्धा तीन महिन्यांवर होती. बाबांनी अट घातली: पहिल्या आठांत आलीस तर कन्सोल खाली राहील, नाहीतर माळ्यावर. (अट तोंडी होती, पण बाबांचं तोंडी इतरांच्या लेखीपेक्षा जड असतं.)

बाबा एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागाचे प्रमुख आहेत. आपण कशाला परवानगी देतो आहोत ते पाहावं, म्हणून ते एकदा स्वतः खेळायला बसले. सर्वांत सोपी पातळी.

अचूक: ०
उशिरा: २११
बाण नसताना दाबलेलं बटण: १ (शिंक)

"बाबा, ढोल वाजला की दाबायचं. वाजून गेल्यावर नाही."

"अगं, पण वाजल्याची खात्री नको करायला?"

येथे बाबांची बाजू समजून घेतली पाहिजे. त्यांच्या विभागात टेबलावर पडलेला कागद आलेला नसतो; वहीत नोंद झाली की तो येतो. तीस वर्षांत त्यांनी एकही गोष्ट ती होत असताना केलेली नाही.

कलम ३. (रद्द. रद्द करण्याचं कारण कलम ३ मध्ये होतं.)

कलम ४, दुरुस्ती. काही टीव्हींवर चित्र आणि आवाज मागेपुढे होतात, म्हणून बटणाची वेळ सरकवण्याची सोय खेळातच असते. बाबांनी ती पाव सेकंद सरकवली. म्हणजे ढोल वाजून गेल्यावर पाव सेकंदानं दाबलेलं बटण 'अचूक'. लगेच त्यांना शहाण्णव टक्के मिळाले.

"बघ, खेळातच दोष होता," बाबा म्हणाले.

मग धाकटी खेळली. सगळे बाण 'लवकर'. उतावळेपणाबद्दल तिला प्रेमळ समज देण्यात आली.

"आई, मी ते परत शून्यावर आणते."

"राहू दे गं," आई इस्त्री करता करता म्हणाली. "कधी नव्हे ते त्यांना काहीतरी जमतंय. तूच घे जरा सांभाळून."

(सेटिंग एकदा गुपचूप बदलून पाहण्यात आली. त्या दिवशी जेवण शांततेत झालं. आमच्या पाहणीनुसार घरातला हा सर्वांत मोठा आवाज.)

तिनं सांभाळून घेतलं. पहिल्या आठवड्यात बारा टक्के, महिनाअखेर साठ, तिसऱ्या महिन्यात नव्व्याण्णव. ढोल ऐकायचा, थांबायचं, मग दाबायचं. पोर किती शांत झाली, असा शेजाऱ्यांचा अभिप्राय पडला.

स्पर्धा. सभागृहातला टीव्ही नीट लावलेला होता आणि सेटिंगला हात लावायला मनाई होती. डोळ्यांना सगळं कळत होतं, पण बोटांना तीन महिन्यांची शिस्त होती.

उशिरा. उशिरा. उशिरा. उशि

सलग चुकांमुळे अकराव्या सेकंदाला खेळानं तिला बाद केलं. पंच खुर्ची ओढून जवळ आले. "हात छान आहे हो तुमचा, ताई. उशीर आहे, पण काय एकसारखा उशीर! कुठे शिकलात?"

"घरीच," धाकटी म्हणाली.

बाबांची चौकशी अर्ध्या तासात पूर्ण झाली. निष्कर्ष: सभागृहातला टीव्ही घाईचा होता. तथापि अट ती अट. कन्सोल माळ्यावर चढवला. स्टूल धाकटीनं धरलं. स्पर्धेत नापास न झालेल्या सदस्यांसाठी तो रविवारी दुपारी खाली काढण्यात येतो. (पात्र सदस्य: दोन. आईनं अर्ज केलेला नाही.)

रविवारी बाबा खेळतात. धाकटी शेजारी बसते. गाणं संपतं. ती थोडं थांबते आणि म्हणते, "छान, बाबा."

प्रत्येक घरात असा एक जण असतो, ज्याच्या उशिरानुसार बाकीचे आपापले हात आखडतात. त्याला ओळखणं सोपं आहे: त्याला बाकी सगळे उतावळे वाटतात. तुमच्या घरात तसं कोणी दिसत नसेल, तर घरच्यांना विचारून पाहा. उत्तर देण्याआधी ते क्षणभर थांबतील.

ते थांबणं तुमच्यासाठीच आहे.