साळूबाईचं वाण आणि मुकुंदरावांची उचकी

एका जंगलात वाट नव्हती, पण रेंज होती.

ऐकताय ना, मुलांनो? पाणवठ्याला पाणी नव्हतं, पण घरोघरी एक काळी पाटी होती. बोट फिरवलं की पाटी उजळायची. तिच्याशी बोललं की ती बोलायची. आणि तिच्यात खेळ असायचे. पळायचे, लढायचे, शेत लावायचे. हात-पाय न हलवता दमायची सोय झाली होती.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. अंगभर काटे, मनात एकही नाही. सोमवार धरायची, चतुर्थी धरायची, मधला वार रिकामा दिसला तर त्याला वाईट वाटू नये म्हणून तोही धरायची. चालायला लागली की काटे बांगड्यांसारखे किणकिणायचे. तिच्या नवऱ्याचं नाव मुकुंदराव. पण ते आपण घ्यायचं. साळूबाई घ्यायची नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, अशी तिची रीत. एरवी "हे". हे दिवसभर बिळात झोपायचे.

त्यांना एकच लेक होती, शलाका. ती दिली नदीपलीकडच्या जंगलात. नदीत मगरी. पुलाचं उद्घाटन तीनदा झालं होतं, पूल तेवढा व्हायचा होता. म्हणून शलाकाला माहेरी येता येईना. साळूबाई काठावर उभी राहून पलीकडे बघायची. पलीकडे झाडंच झाडं. लेक दिसायची नाही.

एक दिवस शलाका पाटीतून म्हणाली, "आई, तू खेळायला शीक. रोज दुपारी आपण खेळात भेटू."

"मी? या वयात?"

"तू सोळा सोमवार केलेस. तुला खेळ काय जड?"

खेळ अजगरशेठचे होते. 'अजगर आणि मंडळी' ही त्यांची पेढी. त्यांनी झाडाझाडावर लिहिलं होतं, 'कुटुंब वर्गणी! एकदा भरा, सहा जण खेळा!' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काही होतं, पण ते मुंग्यांनीच वाचलं. साळूबाईनं वर्गणी भरली. पाटी म्हणाली, "परवलीचा शब्द ठरवा. कधी विसरणार नाही असा."

साळूबाई लाजली. काटे मिटून घेतले. इकडेतिकडे बघून पाटीच्या कानाशी म्हणाली,

"तिळाच्या लाडवाला गुळाची गोडी,
मुकुंदरावांचं नाव घेते, पाटीबाई, उघड थोडी."

पाटीनं त्यातला 'मुकुंद' तेवढा उचलला आणि ती उघडली.

तेव्हापासून साळूबाईची दुपार सोन्याची झाली. खेळात एक किल्ला होता, किल्ल्यात राक्षस होता. माय-लेकी हातात भाले घेऊन निघायच्या. भाले घरचेच.

"आई, राक्षस आला! मार!"

"आज एकादशी आहे, शलू."

"अगं, तो आपल्याला खाईल!"

"खाऊ दे. त्याची एकादशी नसेल."

राक्षस बिचारा गोंधळून उभा राहायचा. साळूबाई त्याच्या अंगणातली फुलं तोडायची, त्याच्या दारात रांगोळी घालायची. शलाका हसून हसून गडाबडा लोळायची. ते हसणं ऐकलं की साळूबाईला वाटायचं, नदी आटली.

वर्गणीत सहा जणांचे सहा पाट, पण दोनच भरलेले. चार रिकामे. पंगतीत पाट रिकामा ठेवला तर अन्नाला वाईट वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. साळूबाईलाही ठाऊक होतं.

तेवढ्यात संक्रांत आली. घरोघरी हळदीकुंकू. बायका वाण लुटू लागल्या. कुणी फण्या लुटल्या, कुणी चाळण्या, कुणी साबणाच्या डब्या. मागच्या वर्षीच्या साबणाच्या डब्या यंदा फिरून मालकिणीकडेच आल्या. साळूबाई विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला.

"यंदा मी खेळ लुटणार!"

अंगणात बायका जमल्या. सशीणबाई आली, माकडीणकाकू आली. अस्वलभाऊ तिळगुळाच्या वासानं आले आणि बसले. एक बाई तर इतक्या लांब होत्या, की कुंकू लावायला तोंडाशी बसावं आणि ओटी भरायला अर्धा कोस चालावं. त्या कुठल्या, कुणाच्या कोण, हे कुणी विचारलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कुठली म्हणून विचारतात का कुठे?

"साळूवहिनी, शब्द काय तो सांगा ना!" सशीणबाई म्हणाली.

आता आली पंचाईत. शब्द म्हणजे नाव. नाव म्हणजे उखाणा. साळूबाईनं पदर सावरला आणि सगळ्यांदेखत खणखणीत उखाणा घेतला. बायकांनी टाळ्या पिटल्या. यातला शब्द कुठला, हे कुणालाच नीट कळलं नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, की पाटीपुढे उखाणाच घ्यायचा. ज्याला जो जमेल तो. नाव मात्र मुकुंदरावांचं.

त्याच संध्याकाळी बिळात मुकुंदरावांना उचकी लागली.

तुम्हाला माहीत आहे ना, कुणी आपली आठवण काढली की उचकी लागते? मुकुंदरावांची इतकी आठवण आजवर कुणीच काढली नव्हती. पाणी प्यायले, श्वास कोंडला, उलटं टांगून घेतलं. उचकी थांबेना.

"अगं, उचक्! मला कुणी, उचक्! आठवतंय का?"

"अख्खं जंगल, अहो," साळूबाई कौतुकानं म्हणाली.

एका दुपारी ती पाटी घेऊन बसली. आत गेली तर काय! सशीणबाईनं किल्ल्याच्या तटावर गाजरं लावली होती. माकडीणकाकू राक्षसाचा मुकुट घालून बसली होती. अस्वलभाऊ राक्षसालाच विचारत होते, "पोळं कुठंय?" आणखी दोघी बुरुजावर फुगड्या घालत होत्या. नुसता हशा. साळूबाईही हसली. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं.

शलाका नव्हती.

तेवढ्यात खेळाच्या दाराबाहेरून आवाज आला. "आई, मी दारात आहे गं. पाटी म्हणतेय, सगळे पाट भरले."

साळूबाईचे काटे खाली गळून पडायचेच राहिले. माहेरी आलेली लेक, आणि तिला बसायला पाट नाही!

फांदीवरच्या कावळ्यानं फुकटचा सल्ला दिला. "सगळ्यांना हाकला. शब्द बदला. सोपं आहे."

"दिलेलं वाण परत मागतात का, मेल्या? आणि शब्द बदलायचा म्हणजे? नवऱ्याचं नाव बदलू? वडाला सूत गुंडाळताना सात जन्मांचं ठरलंय आमचं!"

कावळा उडून गेला. साळूबाईनं डोळे पुसले आणि नेम धरला, की लेकीला पाट मिळेपर्यंत रताळं तोंडात घालायचं नाही. म्हणजे आता तिला उपासाच्या दिवशीही उपास घडू लागला. पण ती डळमळली नाही. रोज देवापुढे वात लावताना म्हणायची, "होईल. देव काय, पाट मोजत बसत नाही."

पण अजगरशेठ मोजत होते. एका कुटुंबाच्या पाटीतून इतकं हसू यायला लागलं, की त्यांना अपचन झालं. त्यांनी तपासणीला सरडेसाहेबांना पाठवलं.

सरडेसाहेब म्हणजे मोठे नेमस्त. ज्याच्या घरी जातील त्याच्या भिंतीचा रंग घेणार. मान सारखी हलणार, म्हणून सगळ्यांना वाटायचं, साहेब हो म्हणताहेत. त्यांनी अंगणात उभं राहून ते मुंगीएवढ्या अक्षरांतलं मोठ्यानं वाचलं. "'खेळणारे सगळे एकाच कुटुंबातले हवेत. कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारे.' तसं नसेल तर पाटी आजपासून बंद. कायमची."

पाटी बंद म्हणजे दुपार बंद. दुपार बंद म्हणजे लेक बंद.

सगळी मंडळी अंगणात गोळा झाली. शलाकाचा चेहरा पाटीत दिसत होता. मुकुंदराव डोळे चोळत बिळातून वर आले.

"तुम्ही वर्गणीदार बाईंचे पती. नाव?" साहेबांनी विचारलं.

"मुकुं, उचक्! मुकुं, उचक्!"

"बरं. यांचं कुटुंब कोण?"

मुलांनो, जुनी माणसं बायकोला कुटुंब म्हणायची. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणजे घरात चहा करायला कुणी नाही. सरडेसाहेब जुन्यातले.

सशीणबाई घाबरून पुढे झाली. पाटीपुढे घ्यायची सवय. तिच्या तोंडून उखाणाच निघाला.

"हिरव्या हिरव्या कुरणात कोवळं कोवळं गवत,
मुकुंदरावांशिवाय मला नाही करमत."

"हे एक कुटुंब," साहेबांनी मान हलवली. "पुढे?"

"या फांदीवरून त्या फांदीवर घेते मी झोका,
मुकुंदरावांचं नाव घेते, सगळ्यांनी ऐका," माकडीणकाकू म्हणाली.

"हे दुसरं. पुढे?"

अस्वलभाऊ खाकरले.

"मधाच्या पोळ्याला माश्यांचा पहारा,
मुकुंदरावांचं नाव घेतो, तोच मला सहारा."

"तुम्हीसुद्धा?"

"साहेब, खेळायचं म्हटलं की नाव घ्यावंच लागतं."

मुकुंदराव एकेकाकडे बघत होते. दुपारी झोपले तेव्हा त्यांना एकच बायको होती.

साहेब खूश झाले. इतकं एकनिष्ठ कुटुंब त्यांनी पाहिलं नव्हतं. मग ते पाटीकडे वळले. "आणि ही?"

"मी शलाका. यांची लेक."

"उखाणा?"

"अहो, बाबांच्या नावाचा उखाणा मी कसा घेऊ?"

"लग्न झालंय? राहता कुठे?"

"नदीपलीकडे."

साहेबांची मान हलायची थांबली. पहिल्यांदाच. "मग तुम्ही कुटुंबात नाही. बाकी सगळे चालतील. तुम्ही बाहेरच्या."

साळूबाईचे काटे एकेक करून उभे राहिले. सोमवार होता, तरीही.

"पोटची पोर बाहेरची?"

"अहो, आम्ही सगळ्या काटदऱ्यांचं कुटुंब ना?" सशीणबाई पाय आपटत म्हणाली. काटदरे हे साळूबाईचं आडनाव. "मग ही आम्हा सगळ्यांची लेक झाली!"

"माझीपण," अस्वलभाऊ म्हणाले.

"मी काय करू, बाई?" साहेब पिवळे पडले. "नियमात छप्पर लिहिलंय. या छपराखाली ती येऊन उभी राहिली, तर मी आत्ता शिक्का मारतो. पण नदीला पूल कुठाय?"

तेव्हा अंगणाच्या कडेला जे ओंडक्यासारखं पडलं होतं, ते हललं. त्या लांब बाई! त्यांनी हळूच अंग ताणलं. तोंड अंगणातच राहिलं आणि शेपूट सळसळत नदीवरून पलीकडे गेलं. खालच्या मगरी तोंडं मिटून बाजूला झाल्या.

"ये गं पोरी," बाई म्हणाल्या. "पाठीवरून ये. काटे तेवढे सांभाळ."

आणि पलीकडच्या झाडीतून किणकिण ऐकू आली. आधी लांबून, मग जवळून. शलाका पळत पळत नदी ओलांडून आली आणि आईच्या छपराखाली उभी राहिली. दोघींनी मिठी मारली. साळिंदरांची मिठी बघायची असते, मुलांनो. फार जपून मारतात, पण फार वेळ मारतात.

"बाई, तुम्ही इतक्या लांब, आधी का नाही सांगितलंत?" साळूबाईनं विचारलं.

"कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून मान डोलावत,

"गिळायला क्षण लागतो, पचायला महिना,
मुकुंदरावांचं नाव घेते, दुसरं काही येईना."

सरडेसाहेब पांढरे झाले. "श... शेठाणीबाई! आपण?"

"काय करू? आमचे शेठ जगाला खेळवतात. घरात पाटीला हात लावू देत नाहीत."

साहेबांनी शिक्का मारला. खाली शेरा लिहिला, 'कुटुंब लांबलचक आहे, पण एकच आहे.'

साळूबाईनं त्यांना रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. तिळगुळ दिला आणि म्हणाली, "साहेब, वाण घ्या." साहेब तांबडे झाले, हिरवे झाले, मग कुणाच्याच भिंतीचा नाही असा त्यांचा स्वतःचा रंग आला. पायाकडे बघत ते म्हणाले,

"रंग बदलता बदलता सरलं सारं वय,
मुकुंदरावांचं नाव घेतो, आता कसलं भय!"

"उचक्!" मुकुंदराव म्हणाले.

त्या दिवसापासून दुपारचा पहिला पाट माहेरवाशिणीचा, असं जंगलानं ठरवलं. बाकीचे पाळीपाळीनं. शेठाणीबाईंच्या पाठीवरून शलाका वाटेल तेव्हा येऊ लागली. साळूबाईनं भाजलेलं रताळं फोडलं, अर्धं लेकीला दिलं. मग दोघी काट्याला काटा लावून शेजारी बसल्या. आणि काय केलं? पाटी उघडली.

"आई, राक्षस आला!"

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"माझा मंगळवार असतो, शलू. त्याला म्हणावं, बस. रताळं खातोस का?"

तर मुलांनो, जशी साळूबाईची पाटी उघडली, तशी तुमची-आमची उघडो. ऐन लढाईत रेंज न जावो.

तात्पर्य : परवलीचा शब्द कुणालाही सांगू नये. सांगावाच लागला, तर चारचौघांत, उखाण्यात आणि मोठ्यानं सांगावा. म्हणजे सांगितल्याचं पाप लागत नाही आणि लेक घरी येते. उचकी काय, ज्याचं नाव त्याला लागते.