तुकानानाचा दुधी

तुकानानासमोर कोवळ्या काकडीकडे सरळ बोट दाखवायची सोय नव्हती. बोट दाखवलं की फळ सडतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण नाना त्यासाठी अंगावर धावून यायचा. "बोट मोड! पहिले बोट मोड बे!" मग बोट मुडपून पेरानं दाखवायचं. एकदा तालुक्याचे साहेब मळा बघायला आले, तर नानानं त्यांचंही बोट आपल्या हातानं दुमडून दिलं. उरलेला मळा साहेब हात खिशात घालून हिंडले.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावात पंचायतीनं विहिरीभोवतीची पडीक जागा, शेत नसलेल्यांना भाजीपाल्यासाठी वाटून दिली होती. मी शाळामास्तर, माझ्या वाफ्याला लागूनच नानाचा वाफा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सगळा दिवस मळ्यात. पावसाळ्यात दोडक्याचा मांडव कोणी वाकडा बांधला, हिवाळ्यात वांग्याला कोणी जास्त पाणी पाजलं, सगळ्याची झडती हाच घेणार. "मास्तर, हे मेथी हाय का तन?" असं तो माझ्या बायकोसमोर विचारायचा. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. मळ्याचं पाणी बंद झालं. प्यायला-वापरायला घरटी मोजक्याच घागरी, आणि चोरून कोणी विहिरीचं पाणी भाजीला सोडलं तर त्याचा वाफा काढून घ्यायचा, असं ठरलं. बघता बघता सगळ्यांचे वाफे करपले. नानाचा दुधीचा, म्हणजे आमच्याकडच्या लवकीचा, वेल तेवढा हिरवागार, आणि वर फळंही लोंबत होती.

गावात कुजबुज सुरू झाली. वाफा गेला तर या माणसानं दिवस काढायचा कुठे, या विचारानं मला, त्याच्यावर चिडणाऱ्या माणसाला, चैन पडेना. एका सकाळी पाणी वाटून देणारे पंच भिकाजी चारपाच जणांना घेऊन थेट मळ्यात आले आणि वेलासमोर उभं राहून त्यांनी हात लांब केला.

"पाहा! चोरीचं पानी पेऊन राह्यला हा वेल. नाना, वाफा सोडा!"

नाना उठला. "पहिले बोट मोड, भिकाजी."

"वाफा चालला तुमचा, अन् तुमाले बोटाची पडली?"

"मोड म्हनतो ना!" नानाच्या हातात खुरपं होतं. कोणी हसलं नाही. भिकाजींचं बोटही हललं नाही. आता इथे रक्त सांडतं, असं मला वाटलं.

तेवढ्यात नानाची शेजारीण कौसाबाई मागून कडाडली, "काऊन त्याले चोर म्हनता वो? आपल्या वाटच्या घागरी तो इथंच आनून वतते. होयीच्या सनापासून आंघोय नाही केली त्यानं! जरा जवय जाऊन पाहा ना!"

भिकाजी एक पाऊल पुढे गेले आणि लगेच दोन पावलं मागे सरले. इतका सज्जड पुरावा त्या पंचायतीपुढे कधी आला नसेल. सगळे खो खो हसत सुटले. भिकाजींनी नाक धरण्यासाठी का होईना, बोट मुडपलं. "राहू द्या वाफा," म्हणाले आणि चालू लागले.

पांगापांग झाली. नाना खाली बसून वेलाच्या बुडाची माती सारखी करत होता. थोड्या वेळानं त्यानं एक दुधी खुडला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच खा, नाना. एवढे हाल सोसले त्याच्यापायी."

"मले लवकी आवडतच नाही, मास्तर."

"मग एवढा आटापिटा कशाला?"

दुधीला लागलेली माती त्यानं धोतराला पुसली.

"एकट्या मानसाले कोन बलावते? लवकी हाती असली का कोनाच्याही घरी जाता येते. घरची बाई म्हनते, बसा नाना. खाली हातानं कसा जाऊ?"

मी तो दुधी घेतला नाही.

"आत्ता नको," मी म्हणालो. "संध्याकाळी तुम्हीच घरी घेऊन या."