इंजिनवरचा घण

"दिवाळीच्या आत तुझ्या हातातला घण काढून घेतला न्हाई, तर जोतीराम लोहार नाव सांगणार न्हाई!"

ही घोषणा जोतीरामनं कडेगावच्या एसटी स्टँडवर केली. कराडच्या दवाखान्यातून नवरा-बायको नुकतेच परतले होते, हरणाबाईचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता, आणि स्टँडवर चहा पिणारे सातआठ जण ऐकत होते. ऐकणारे असले की जोतीरामला घोषणा सुचायच्या. घरात तो तसा गप्प माणूस.

"हळू बोला," हरणाबाई म्हणाली. "आन नाव न्हाई सांगितलं तर लोकं हाक कशी मारायची?"

सन १९९४, ऑक्टोबर महिना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाई, काय काम करता?"

"घण मारती."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापास्नं."

लोहाराच्या घरात हे असंच असतं. नवरा बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, बायको उभी राहून घण हाणते. तीस वर्षं हाणल्यावर खांद्याची वाटी झिजली होती. डॉक्टर म्हणाले, "आता घण उचलायचा नाही. कधीच नाही."

आणि दिवाळीनंतर साखर कारखाना सुरू होणार होता. बिरदेव मुकादमाची ऊसतोडीची टोळी दरवर्षी जोतीरामकडूनच सव्वाशे कोयते न्यायची. हे कोयते झाले नाहीत, तर मुकादम दुसऱ्या लोहाराकडे जाणार. आणि एकदा गेलेला मुकादम परत येत नाही. म्हणजे भट्टीच गेली.

जोतीरामनं आधी माणूस लावून बघितला. वडूजचा एक पैलवान गडी आला. दंड असे, की सदरा शिवणाऱ्या शिंप्यानं हात जोडावेत! पहिल्या घावाला त्यानं सांडशी मोडली. दुसरा घाव ऐरण सोडून जमिनीत गेला. तिसरा घाव जोतीरामनं घालू दिला नाही, म्हणून तो पुढची गोष्ट करायला जिवंत राहिला.

"ताकद हाय रं गड्या तुझ्यात," जोतीराम म्हणाला. "पण घणाला ताकद लागत न्हाई. कान लागतोय."

हे कानाचं प्रकरण समजून घ्यायला हवं. लोहाराच्या दुसऱ्या हातात छोटा हातोडा असतो. तापलेल्या लोखंडावर तो जिथं टेकवायचा, तिथं घण पडायचा. जोरात टेकवला की जोरात, हळू टेकवला की हळू. आणि मोकळ्या ऐरणीवर दोनदा वाजवला, टक टक, की थांबायचं. हरणाबाई नवी नवरी असताना सासऱ्यानं तिला ही भाषा शिकवली, आणि मग नवरा-बायकोला दुसरी भाषा फारशी लागलीच नाही. जेवतानासुद्धा भाकरी नको असली की जोतीराम ताटाच्या कडेवर बोटानं टक टक करायचा, आणि वाढणारा हात थांबायचा. 'पुरे' हा शब्द त्या घरात तीस वर्षांत कुणी उच्चारलेला नव्हता.

तर अशा माणसानं इंजिनवर चालणारा घण बनवायला घेतला.

*

सामान, जसं जमलं तसं:

जीपचं एक चाक, टायरसकट. सांगलीच्या भंगार बाजारातलं. हे चाक जोतीरामनं एसटीत मांडीवर बसवून आणलं. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट काढावं लागंल."

"तीन वर्षांच्या आतलं हाय," जोतीराम म्हणाला.

ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, पाच. हे खरं तर कोयत्यांसाठी आणून ठेवलेले होते. म्हणजे यंत्र जन्मायच्या आधीच पाचसहा कोयते खाऊन बसलं.

रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. (कुठून आला, ते विचारायचं नाही. जोतीरामला विचारलं तर तो सरळ ढगाकडे बघायचा.)

विहिरीवरचं डिझेल इंजिन, लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेलं. हे नाथाजीचं. इंजिनाबरोबर नाथाजीही आला. तोफखान्यात वीस वर्षं काढून रिटायर झालेला. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. डावा कान, तो स्वतःच सांगायचा, 'निम्म्या पेन्शनवर' होता.

आणि हरणाबाईचा घण.

इथं काम अडलं.

"दुसरा घ्या की," ती म्हणाली.

"ह्याचा तोल बसलाय."

"माझ्या हातात बसलाय. इंजिनाच्या न्हाई."

शेवटी तिनं दिला. पण दांडा काढून, नुसतं लोखंडी डोकं दिलं. तीस वर्षांत तिच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला बाभळीचा दांडा तिनं दाराआड उभा करून ठेवला. "तेला काय दांडा लागतोय व्हय?" एवढंच बोलली, आणि आत जाऊन डाव्या हातानं भांडी घासायला बसली. ती भांडी सकाळीच घासलेली होती.

यंत्र साधं होतं. इंजिन पट्ट्यानं जीपचं चाक फिरवणार, चाक पाट्यांना हिसके देणार, आणि पाट्यांना लटकलेला घण शिलाई मशीनच्या सुईसारखा वरखाली होणार. खाली रुळावर बसवलेली ऐरण. सगळं जोडून झाल्यावर नाथाजीनं दोनदा प्रदक्षिणा घातली.

"क्लच किधर है?"

"कसला क्लच?"

"अरे, रोकनेका कैसे?"

"क्लच कशाला?" जोतीराम छाती काढून म्हणाला. "हरणी काय क्लच लावून आलीती? मी ठोकलं की थांबतंय!"

नाथाजीला वाटलं, आत काहीतरी गुप्त व्यवस्था केलेली असणार. जोतीरामला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे. दोघांनी समाधानानं तंबाखू मळली.

*

दिवाळीला आठ दिवस असताना सकाळी चाचणी झाली. नारळ फुटला. बिरदेव मुकादम मानाचे पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले, पांढरंशुभ्र धोतर सावरून. गल्लीतली माणसं भट्टीच्या छपराभोवती जमली. हरणाबाई तेवढी बाहेर आली नाही.

नाथाजीनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. त्यानं पट्टा चढवला, सॅल्यूट ठोकला आणि ओरडला, "ऑर्डर मिलेपर्यंत बंद नहीं!" मग आपलं काम झालं, असं समजून तो स्टँडवर चहा प्यायला गेला.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

काय ते घाव! लालभडक पाटा लोण्यासारखा पसरायला लागला. लोखंड तीनदा भट्टीत तापवावं लागायचं, तिथं एकाच तावात कोयत्याचं अंग दिसू लागलं. "आयला, जोतीबा!" कुणीतरी ओरडलं. मुकादमांनी मान डोलावली. जोतीराम मोरासारखा फुलला. आता बास, पुन्हा भट्टीत घालू, असा विचार करून त्यानं ऐरणीवर हातोडा वाजवला.

टक टक.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

*

छपरात: ऐकलं नसेल, असं वाटून जोतीरामनं पुन्हा वाजवलं. टक टक!

स्वयंपाकघरात: हरणाबाई डाव्या हातानं पीठ चाळत होती. हात आपसूक थांबला. मग तिच्या लक्षात आलं, की हे आपल्यासाठी नाही. ती पुन्हा चाळू लागली.

छपरात: टक टक! टक टक! कोयता पसरून उलथन्याएवढा झाला.

स्वयंपाकघरात: हात थांबला. "थांबलीया की!" ती चाळणीला म्हणाली.

छपरात: लोकांना वाटलं, जोतीराम आनंदानं ठेका धरतोय. त्यांनीही टाळ्या सुरू केल्या. टक टक, ठण्ण, टक टक, ठण्ण! लेझीम असतं तर तेही निघालं असतं. हातातलं सोडून पळावं, तर तापलेलं लोखंड उडून थेट मुकादमांच्या धोतरात जाणार. आणि हलत्या पट्ट्याजवळ जायला कुणी तयार नाही.

"मुकादम, उठा!" जोतीराम ओरडला.

"व्हय, व्हय, लय झकास!" मुकादम म्हणाले.

आणि मग यंत्र चालू लागलं. म्हणजे चालू होतंच. आता ते पायी चालू लागलं. जमिनीत बोल्ट मारायचे राहून गेले होते. (हरणाबाईला कुठं मारले होते?) प्रत्येक घावाला ते चार बोटं पुढं सरकायचं. पट्टा ताणला जायचा, आणि मागून इंजिनही आपल्या लोखंडी चाकांवर निघायचं. पुढं घण, मागं इंजिन, मध्ये अर्धवट बसून, अर्धवट रांगत, सांडशी धरलेला जोतीराम. अशी ती वरात छपरातून निघून शालूबाईच्या भिंतीकडे वळली.

शालूबाई शेजारीण. ती चकल्या तळत होती. आधी घागरीतलं पाणी थरथरलं. मग फळीवरचे डबे एकमेकांशी बोलू लागले. मग एक कौल घसरून अंगणात पडलं.

किल्लारीच्या भूकंपाला नुकतं वर्ष उलटलं होतं. वर्षभर लोक जोडे उशाशी घेऊन झोपले होते. शालूबाई झाऱ्यासकट रस्त्यावर आली आणि असा आवाज टाकला, की कुंडलपर्यंत जावा:

"भूकंप! भूकंप आला वंऽऽ!"

पाच मिनिटांत शाळा रिकामी झाली. पोरं शिकवल्याप्रमाणे दप्तरं डोक्यावर धरून रांगेत मैदानात उभी राहिली, आणि मास्तर त्यांच्या आधी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खिडकीतून उडी मारली. सोसायटी तळमजल्यावर होती आणि दार उघडं होतं, पण प्रसंगच तसा होता.

आणि या सगळ्याच्या मधोमध, टक टक! टक टक! टक टक! जोतीराम ठोकतच होता. आता त्यात 'थांब' नव्हतं. 'पाया पडतो' होतं.

स्वयंपाकघरात हरणाबाईनं चाळणी खाली ठेवली. पदर खोचला. दाराआडचा दांडा डाव्या हातात घेतला आणि बाहेर आली. तिनं यंत्राकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"आवं," ती म्हणाली, "तेला काय कळतंय?"

आणि बाजूनं जाऊन दांड्याच्या टोकानं पट्टा उचकटला. पट्टा चाकावरून निसटून धुळीत पडला. घण अर्ध्यावर उचललेला तसाच थांबला.

इतकी शांतता, की शालूबाईच्या चकल्या करपल्याचा वास ऐकू आला म्हणा ना.

मुकादमांनी रुमालात धरून कोयता उचलला. मघाचा कोयता आता पापडाएवढा गोल आणि तितकाच पातळ झाला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"जोतीबा," ते म्हणाले, "ह्यानं ऊस तुटायचा न्हाई. पर चपात्या झाकायला बरा हाय."

तेवढ्यात नाथाजी चहा पिऊन आला. "बंद कुणी केलं?" तो म्हणाला. "मला तर ऑर्डरच नाही आली!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम जेवायला बसला. मुकादमांनी चार दिवसांची मुदत देऊन 'न्हाईतर बघू' असं म्हटलं होतं. हरणाबाईनं भाकरी वाढली. त्यानं खाल्ली. दुसरी वाढली. तीही खाल्ली. तिसरी. चौथी. तो टक टक करेना. ताटाच्या कडेला बोट लावायचीच त्याला लाज वाटत होती.

पाचवी भाकरी हातात धरून हरणाबाई थांबली.

"पोट फुटंल की!"

"अगं, मला वाटलं..." जोतीराम भाकरीकडे बघत म्हणाला. "मी ठोकलं की घण थांबतोय. तीस वर्सं बघतुया. मला वाटलं, घणच थांबतोय."

 हरणाबाईनं भाकरी परत टोपलीत टाकली.

"तेला कान न्हाईत," ती म्हणाली. "मला हायेत. आन खांदा गेलाय, पाय न्हाई गेलं."

संध्याकाळपर्यंत नाथाजीनं एका मोडक्या शिलाई मशीनचं पायडल यंत्राला बसवलं. पाय दाबला की पट्टा ताणून घण चालायचा, पाय उचलला की थांबायचा. आधी जोतीरामनं स्वतः पाय ठेवून बघितला. पण त्याचे हात एक सांगायचे आणि पाय दुसरंच ऐकायचा. नाथाजीनं ठेवून बघितला. त्याला टक टक ऐकू यायची नाही. मग हरणाबाई स्टुलावर बसली, हात गळ्यात, पाय पायडलवर.

ठण्ण ठण्ण ठण्ण. टक टक.

पाय उचलला गेला. घण हवेत थांबला.

जोतीरामनं पुन्हा वाजवलं नाही. गरजच नव्हती. पण तो जरा वेळ हातोडा तसाच धरून बसला.

चौथ्या दिवशी मुकादम कोयते घेऊन गेले. सव्वाशेला सहा कमी भरले. ते सहा यंत्राच्या पाट्यांत होते. जमिनीला बोल्ट मारले, शालूबाईचं कौल परत चढवलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या गल्लीत सकाळ झाली, की भूकंप व्हायचा. लोक त्यावर घड्याळ लावायचे. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे, आणि कोयते कारखान्यातून बांधून येतात. पण त्या गल्लीतला जुना माणूस अजून बोलता बोलता टेबलावर दोनदा बोट वाजवतो, आणि समोरचा गप्प होतो. कुठून आलं, दोघांनाही ठाऊक नसतं.

अठ्ठ्याण्णव साली सांगलीहून शौनक नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी यंत्र बघायला आला. जोतीरामभोवती चार माणसं जमली, आणि माणसं जमली म्हटल्यावर तो सुरू झाला! हे चाक असं आणलं, हे पाटे असे बसवले, ही कल्पना रात्रंदिवस डोक्यात घोळत होती, क्लचबिच तर आधीपासूनच ठरलेला होता. शौनक वहीत सुबक आकृती काढत होता. सगळे भाग झाले. मग पेन्सिल थांबली.

"काका, याचा ब्रेक कुठं आहे?"

"ब्रेक व्हय?" जोतीराम म्हणाला. "आत भाकऱ्या थापतुया. बोलवू?"

शौनकला वाटलं, काका थट्टा करतायत. जोतीरामनं हाक मारलीच नाही. हातोडा घेतला आणि ऐरणीवर दोनदा वाजवला. टक टक.

आतली भाकरीची थाप बंद झाली.

"बघितलास?" जोतीराम छाती फुगवून म्हणाला. "चार वर्सांत एकदा बिघाड न्हाई! म्या असा बसवलाय, असा बसवलाय, की..."

आतून परातीवर उलथनं वाजलं. दोनदाच.

आणि जोतीराम वाक्याच्या मध्येच थांबला.