पोस्टरच्या बरणीतली बटणं

मी नवसात फक्त चहा बोलले होते. त्यातून एवढं सगळं होईल असं मला काय, देवालाही वाटलं नसेल.

त्याचं असं झालं. आमचे हे दिव्यांच्या शेड बनवणाऱ्या एका कंपनीत पार्सलं बांधायच्या विभागात आहेत. गाठ मारावी तर यांनीच. (घरी यांच्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते, ते वेगळं.) दुसऱ्यांनी विकलेला माल वर्षानुवर्षं बांधून बांधून यांच्या मनाने घेतलं, की आपणही एकदा विकणाऱ्यांच्या बाजूला बसून बघावं. मार्केटिंगमध्ये एक जागा रिकामी होणार होती. साहेब म्हणाले, "बसवतो, पण आधी मार्केटिंग आणि मीडिया प्लॅनिंगचा कोर्स पुरा करून दाखवा." झालं! केस पांढरे व्हायच्या वयात हे पाठीला सॅक लावून संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. मला इतकं कौतुक वाटायचं, की मी दारात उभी राहून "पेन घेतलंत का?" असं विचारायची, आणि हे रस्त्यात कोणी ऐकलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचे.

कोर्सचा सगळा भार एका असाइनमेंटवर होता. यांनी ती पुस्तकं समोर ठेवून, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि त्यांना शिकवणाऱ्या बाईंकडे दिली. बाई यांच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, पण त्यांचं नाव निघालं तरी हे खुर्चीत सरळ बसतात. बाईंनी ती परत पाठवली. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'हे सगळं पुस्तकातलं. तुमचं काय? खरा व्यवसाय घ्या, खरी माणसं बघा.' आता एकच संधी उरली होती. ती हुकली, तर निवृत्तीपर्यंत सुतळी आणि पुठ्ठे.

त्या दिवशी भाजीत मी मीठच घातलं नव्हतं आणि यांनी ते बोलून दाखवलं नाही. प्रकरण किती गंभीर आहे, ते मला तेव्हाच कळलं.

मी देवापुढे हात जोडले. माझी एक पद्धत आहे. काम झाल्यावर नवस फेडायचा, हे मला पटत नाही. मी आधीच फेडायला लागते, म्हणजे देवालाही जरा भीड पडते. मागे पाण्याचा पंप दुरुस्त व्हावा म्हणून मी सोफ्यावर बसणं सोडलं. पंप लगेच सुरू झाला, पण बोलताना तोंडातून 'वर्षभर' निघून गेलं होतं. म्हणून पाहुणे सोफ्यावर आणि मी स्टुलावर, अशी आमची बैठक असते. (पाहुणे संकोचून लवकर उठतात. हा पंपाच्या नवसाचा वरचा लाभ.) यावेळी मी म्हणाले, "देवा, यांची असाइनमेंट भक्कम होऊ दे. निकाल लागेपर्यंत आमच्या दारात येणाऱ्या एकालाही मी चहा पाजल्याशिवाय जाऊ देणार नाही."

आणि दुसऱ्याच दिवशी यांनी खरा व्यवसाय निवडला, तो नेमका आमच्याच दारातला.

यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, आमच्याकडेच राहतात. समोरच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आहे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, उसवलेलं शिवणं, अशी कामं त्या करतात. हात हलका, जीभ मात्र कात्रीसारखी.

"ताई, तुझ्या दुकानाचा मीडिया प्लॅन करतोय," हे म्हणाले. "आधी टार्गेट ऑडियन्स ठरवू. तुझं गिऱ्हाईक नेमकं कोण?"

"ज्याचं फाटलंय तो."

"असं नाही चालत. वय, उत्पन्न, सवयी..."

"अरे, पँट मागून उसवली की माणूस वय विचारत बसत नाही. पाठ भिंतीला लावून माझ्याकडे येतो."

हे डगमगले नाहीत. चार माध्यमं ठरली. इमारतींमधून वाटायची पत्रकं, मोबाइलवरचा मेसेज, आमच्या भागातल्या साप्ताहिकातली छोटी जाहिरात आणि मागच्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर एक पोस्टर (यांची जायची वाट उलट्या बाजूला, पण तिथे गर्दी जास्त). पोस्टरवर यांचा फार जीव. मशीनवर वाकलेल्या वन्संचा फोटो यांनी स्वतः काढला आणि वर लिहिलं, 'उसवलंय? आम्ही आहोत.' एका रविवारी ते चिकटवताना हे शिडीवरून घसरले आणि खळीच्या बादलीत एक पाय गेला. तो बूट आजही चालताना जमिनीला जरा चिकटतो.

मग यांनी दाराशी चार रिकाम्या बरण्या मांडल्या, प्रत्येकीवर एका माध्यमाचं नाव. शेजारी वन्संच्या जुन्या बटणांचा डबा.

"हे बघ," हे मला म्हणाले, "येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, आमच्याबद्दल कुठे कळलं? तो सांगेल त्या बरणीत एक बटण टाकायचं. एवढंच. महिनाभराने मी बटणं मोजणार, म्हणजे कोणत्या माध्यमाने किती माणसं आणली ते कळेल. सगळी असाइनमेंट या बरण्यांवर उभी आहे. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी स्टुलावर बसत म्हटलं. (सोफा समोर होता. पण असो.)

पहिले काही दिवस सगळं शिस्तीत चाललं. एक बाई पत्रक वाचून पडदे घेऊन आल्या. एक कॉलेजातली मुलगी मेसेज बघून जीन्स घेऊन आली. मी बटण टाकायची आणि नवसाप्रमाणे चहा ठेवायची. काम होईपर्यंत माणसं चहा पीत बसायची, बोलायची. वन्संचे टोमणे ऐकून हसायची. पोस्टरची बरणी मात्र रिकामीच. संध्याकाळी घरी आले की हे आधी तिच्यात डोकावायचे, मग बूट काढायचे.

"अजून नाही का कोणी?"

"येतील हो," मी म्हणायची. आणि यांच्या पायातल्या त्या चिकट बुटाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून भांडी जोरात घासायची.

आणि मग ते ड्रायव्हरकाका आले. शाळेची बस चालवायचे, आता घरी असतात. विजारीची नाडी घालून घ्यायला आले, दोन कप चहा प्यायले आणि दुसऱ्या दिवशी तीन मित्रांना घेऊन हजर!

"कुठे कळलं आमच्याबद्दल?" मी त्या तिघांना विचारलं.

"हा म्हणाला, इथे आल्याचा चहा मिळतो, बसायला मिळतं आणि त्या ताई फुकट बोलणी खायला घालतात," एक जण म्हणाले. "मग घरी शोधून शोधून एक फाटका शर्ट काढला."

आता आली का पंचाईत! या उत्तराची बरणीच नव्हती. तीन बटणं हातात घेऊन मी उभी. टाकून द्यावीत, तर आलेल्या माणसाचा अपमान. डब्यात परत ठेवावीत, तर हिशेब चुकला. माझी नजर पोस्टरच्या बरणीवर गेली. बिचारी! घरात काही वाढायचं तर सगळ्यांना सारखं, ज्याच्या ताटात कमी त्याला आधी, ही मला आईने लावलेली सवय. मी तिन्ही बटणं अलगद तिच्यात सोडली. टुण, टुण, टुण. त्या संध्याकाळी यांनी बरणी उजेडात धरली आणि असे हसले, की लग्नानंतर पहिल्यांदा मी यांचा मागचा दात बघितला.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. चहाची माणसं वाढतच गेली. मित्रांचे मित्र आले, त्यांच्या बायका आल्या, एक टपालवाला दुपारच्या वेळी न चुकता यायचा. एका आजोबांनी तर धडधाकट बाही स्वतः उसवून आणली. वन्संना मान वर करायला फुरसत नव्हती. मी या सगळ्यांची बटणं, ज्या बरणीत कमी दिसतील तिच्यात टाकत गेले. शेवटच्या दिवशी पोस्टरला एक बटण कमी पडत होतं आणि डबा संपलेला. मग यांच्या जुन्या निळ्या शर्टाचं एक काढून टाकलं आणि निजले. देवा, किती शांत झोप लागली म्हणून सांगू!

हे बटणं मोजायला बसले ते उठलेच नाहीत. चारही बरण्या सारख्या! एका बटणाचा फरक नाही. यांनी पुन्हा मोजली, वन्संकडून मोजून घेतली. मग कागद ओढले आणि लिहायलाच लागले.

सोमवारी असाइनमेंट द्यायची होती. रविवारी सकाळी यांनी आम्हा दोघींना समोर बसवून निष्कर्ष मोठ्याने वाचला. "चारही माध्यमांचा इतका तंतोतंत समतोल आजवर कोणत्याही पुस्तकात आढळत नाही. त्यातही पोस्टर सुरुवातीला मागे राहून नंतर वेगाने पुढे आले. बसथांब्यावर उभा राहणारा माणूस तेच पोस्टर रोज पाहतो, हळूहळू ते त्याच्या मनात ठसते, हे यावरून सिद्ध..."

"कुठलं पोस्टर?" वन्संनी विचारलं.

"बसथांब्यावरचं. तुझा फोटो असलेलं."

"ते होय! ते तर मी त्याच दिवशी संध्याकाळी काढून आणलं. खळ ओली होती, अलगद निघालं." वन्सं वाकल्या आणि कापडाच्या गठ्ठ्याखालून गुंडाळी काढून त्यांनी टेबलावर पसरली. "काय तो फोटो! दोन हनुवट्या दिसतायत माझ्या. असा चौकात लावतात का रे बहिणीला?"

गॅसवरचा चहा उतू गेला, तरी मी जागची हलले नाही.

"मग..." हे पोस्टरकडे आणि बरणीकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "ही माणसं कोणती?" यांनी बरणी उलटी केली. त्यातलं एक बटण उचलून निरखलं. "आणि हे माझ्या निळ्या शर्टाचं वाटतंय."

मी सगळं सांगितलं. नवस, ड्रायव्हरकाका, आजोबांची बाही, आणि रिकामी बरणी बघवत नव्हती, तेही. सांगताना माझे डोळे भरून आले. उद्या कागद द्यायचे आणि आज मी सगळं उसवून ठेवलं होतं. हे आयुष्यभर पार्सलं बांधणार आणि प्रत्येक गाठीला मी आठवणार, असं मला दिसायला लागलं.

यांनी ते निळ्या शर्टाचं बटण टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं तुझ्या चहाने आणली?"

"देवाने आणली," मी म्हटलं. "मी नुसतं आधण ठेवलं."

"आणि तू हे महिनाभर, दिवसभर उभी राहून..."

"अहो, तुमच्यासाठीच ना," मी पदराला डोळे पुसले. "तुमचा तो चिकट बूट ऐकवत नव्हता मला."

वन्संनी मशीनकडे तोंड फिरवलं आणि उगाचच दोरा ओवायला लागल्या. यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या बटणांच्या ढिगाकडे. आणि एकदम सरळ बसले, बाईंचं नाव निघाल्यासारखे.

"बाईंनी काय लिहिलं होतं? खरी माणसं बघा. ही घे खरी माणसं! ताई, पाचवी बरणी काढ. आणि तू, आठव बरं, चहासाठी कोण कोण आलं?"

आमचा तो रविवार असा गेला. मला प्रत्येकाचा चहा आठवत होता. कोणाला साखर कमी, कोणाला बशीत ओतून, कोण कप धुऊन ठेवायचं. मी सांगत गेले, हे बटणं वेगळी करत गेले, आणि वन्सं मध्येमध्ये, "तो टकला विसरलीस!" असं ओरडत राहिल्या. जुने कागद यांनी बाजूला सारले आणि जे घडलं तेच लिहिलं. त्याच दिवशी निघालेलं पोस्टरही लिहिलं, खळीच्या बादलीसकट. सोमवारी निघताना मी विचारलं, "पेन घेतलंत का?" यांनी या वेळी इकडेतिकडे बघितलं नाही.

निकाल लागला. पास! नुसते पास नाही, बाईंनी यांची असाइनमेंट वर्गात वाचून दाखवली. साहेबांनी पुढच्या महिन्यापासून मार्केटिंगच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मी देवाचे किती आभार मानले, ते माझं मला माहीत. मनातून जरा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू? एवढ्या कागदांत कुठेतरी आपल्या चहाचा गौरव असेल, असं वाटलं.

"अहो, बाईंना सगळ्यात जास्त काय आवडलं?" मी हळूच विचारलं.

यांनी कौतुकाने एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. वर ठळक अक्षरात शीर्षक होतं, 'या अभ्यासाच्या मर्यादा'. खाली लिहिलं होतं, 'पहिली मर्यादा: पत्नी.' आणि शेजारी बाईंची लाल शाई, 'अत्यंत भक्कम मुद्दा!'

मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"आणि दुसरी मर्यादा?"

"दुसरीची गरजच पडली नाही," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघून इतकं प्रेमाने हसले, की मी निमूटपणे उठून चहा ठेवला.